भावनेची वाट

नाटकाचा प्रयोग संपतो, दिवे लागतात, आणि डोळे पुसत बाहेर पडणारा प्रेक्षक शेजाऱ्याला हळूच विचारतो, "काय हो, त्याला खरंच रडू येत असेल का?" प्रश्न भाबडा आहे, परंतु तो नाट्यकलेइतकाच जुना आहे. आपल्या भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. हातवारे शिकवता येतात, वाणी घोटून घेता येते, वेष शिंप्याकडून शिवून आणता येतो. परंतु अश्रू, रोमांच, कंप, स्वरभंग हे जे सात्त्विक भाव, ते कोठून आणावयाचे? मन एकाग्र झाल्याखेरीज ते प्रकटत नाहीत, एवढे मुनींनी बजावून ठेवले. तिकडे फ्रान्समध्ये अठराव्या शतकात दिदरो या तत्त्वज्ञाने नेमके उलटे मत मांडले. श्रेष्ठ नट स्वतः काही अनुभवत नाही, तो थंड डोक्याने दुसऱ्याला रडवतो, असे त्याचे म्हणणे. त्याचा तो संवाद त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १८३० साली, छापून निघाला आणि वाद घालणाऱ्यांना आजवर पुरला आहे.

या वादात एक गोष्ट मात्र सहसा निसटते. नटाला आज रडू आले की नाही, हा प्रश्न तितकासा कठीण नाही. उद्याही येईल काय, हा खरा प्रश्न. कवीला आपली कविता एकदाच लिहावी लागते. नटाला तीच कविता रोज रात्री ठरलेल्या वेळी, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, जणू पहिल्यांदाच सुचल्यासारखी लिहावी लागते. पहिल्या प्रयोगाला जे आपोआप आले, ते शंभराव्या प्रयोगाला बोलावून येत नाही. मग नटाने काय करावे? सोंग करावे? की हात जोडून वाट पाहावी?

या एका प्रश्नापायी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. रशियातील नट आणि दिग्दर्शक कॉन्स्टँटिन स्टॅनिस्लाव्हस्की हा तो माणूस. त्याचे नाव आज अभिनयाच्या प्रत्येक वर्गात घेतले जाते आणि त्याची पद्धती परीक्षेच्या उत्तराप्रमाणे पाठ केली जाते. परंतु ती पद्धती जन्माला आली ती यशातून नव्हे, एका मागून एक आलेल्या फजित्यांतून, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या फजित्यांचीच ही हकिगत आहे. त्यांतल्या बऱ्याचशा त्याने स्वतःच, काही आडपडदा न ठेवता, आपल्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवल्या आहेत.

त्याचा जन्म १८६३ साली मॉस्कोतील एका गर्भश्रीमंत घरात झाला. मूळ आडनाव अलेक्सेयेव्ह. घराण्याचा कारखाना सोन्याचांदीच्या जरीचा. स्टॅनिस्लाव्हस्की हे नाव त्याने पुढे रंगभूमीसाठी घेतले. व्यापाऱ्याच्या मुलाने उघडपणे नाटकांत नाचावे, हे त्या काळी तिकडेही शोभत नव्हते. पहिल्यांदा तो रंगमंचावर आला तेव्हा दोन-तीन वर्षांचा होता. घरच्या समारंभात मुलांनी चार ऋतूंचे देखावे केले होते. हा झाला होता हिवाळा. अंगावर केसाळ कातडे, पांढरी दाढी, भोवती कापूस पसरलेला. पुढ्यात एक मेणबत्ती लावली होती आणि हातात एक काडी दिली होती. काडी ज्योतीत धरल्यासारखे फक्त दाखवायचे, असे त्याला पुन्हा पुन्हा बजावले होते. पण खरीखुरी मेणबत्ती समोर असताना खोटे का करावे, हे त्या बालकाला कळेना. त्याने काडी खरोखरच ज्योतीत घातली. कापसाने पेट घेतला, धावाधाव झाली, आणि हिवाळ्याला उचलून आत नेण्यात आले. पुढे सत्तर वर्षे त्याने दुसरे काही केले नाही. खोटे दाखवायचे नाही, खरे करायचे, आणि तरीही आग लावायची नाही, याची वाट तो शोधत राहिला.

१८८८ साली त्याने काही स्नेह्यांसह मॉस्कोत कला आणि साहित्य यांची एक हौशी संस्था काढली. सलामीच्या रात्री दोन नाटके होती. पहिली पुश्किनची छोटी शोकांतिका. तिच्यात एक कंजूष सरदार आपल्या वाड्याच्या तळघरात एकटाच सोन्याच्या पेट्या उघडून बसतो. दुसरे मोलिएरचे प्रहसन. दोन्हींत स्टॅनिस्लाव्हस्कीला काम होते. कंजुषाची भूमिका काही केल्या हाताला लागेना. तेव्हा तो फ्रान्समध्ये विशी या गावी पाणी प्यायला, म्हणजे हवापालट आणि औषधोपचारासाठी गेला होता. त्याच्या मनाने घेतले की, तळघरातल्या माणसाचे मन कळायचे तर तळघरातच बसले पाहिजे. जवळच एक जुना मध्ययुगीन किल्ला होता. तेथील तळघरात स्वतःला दोन तास कोंडून घ्यायची त्याने व्यवस्था केली. काळोख, ओल, उंदीर, कुबट वास. दोन तास तो तेथे बसला. फळ काय मिळाले? त्याच्याच कबुलीप्रमाणे, जोरदार सर्दी आणि पूर्वीपेक्षा अधिक निराशा. कंजूष सरदार काही भेटला नाही.

आणि त्याच रात्रीच्या प्रहसनाची गोष्ट ऐका. तेथेही त्याचे काम जमत नव्हते. रंग लावताना कुंचल्याचा एक फटकारा चुकून चेहऱ्यावर असा काही उमटला की, त्या चेहऱ्यात एकाएकी कोणीतरी जिवंत माणूस आला. आरशात त्याने तो पाहिला आणि आतले कुलूप उघडल्यासारखे झाले. जे काल अडले होते ते सरळ चालू लागले. दोन तासांच्या तळघराने जे दिले नाही, ते रंगाच्या एका चुकीने दिले. एखाद्या समाधानी नटाने यावर "देवाची कृपा" म्हणून हात जोडले असते. याला चैन पडेना. देव नेहमी याच वेळेला का येत नाही, आणि त्याला येण्यासाठी दार तरी कसे उघडे ठेवावे, हा विचार त्याचा पिच्छा पुरवू लागला.

१८९७ सालच्या जूनमध्ये नाटककार आणि नाट्यशिक्षक नेमिरोव्हिच-डॅन्चेन्को याच्याशी त्याची मॉस्कोच्या एका खानावळीत भेट झाली. दुपारी सुरू झालेले बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी संपले. सुमारे अठरा तास दोघे बोलत होते. त्यातून १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभे राहिले. पहिल्याच वर्षी त्यांनी चेकॉव्हचे 'सीगल' केले. पीटर्सबर्गला दोन वर्षांपूर्वी पडलेले ते नाटक येथे असे काही रंगले की, समुद्रपक्षी त्या संस्थेचे चिन्ह होऊन बसला.

या काळात भूमिकेची तयारी म्हणजे वस्तूंची तयारी, अशी त्याची समजूत होती. १९०२ साली गॉर्कीचे 'तळागाळातली माणसे' या अर्थाचे नाटक घेतले, तेव्हा सारी मंडळी मॉस्कोच्या खित्रॉव्ह बाजारात, भिकाऱ्या-भामट्यांच्या वस्तीत जाऊन बसली. त्याच वर्षी टॉलस्टॉयचे खेडुतांच्या जीवनावरील 'अंधाराचे साम्राज्य' बसवायला घेतले, तेव्हा ती तुला प्रांतातल्या खेड्यांत गेली. कपडे, भांडी, गाड्या जमवल्या, आणि रीतिरिवाज सांगायला एक म्हातारा व एक म्हातारी यांनाही मॉस्कोला घेऊन आली. म्हातारी मोठी तल्लख. एकदा एक नटी आजारी पडली म्हणून तालमीत तिलाच उभे केले. ती अशी काही बोलली, अशा काही शिव्या हासडल्या, की तिच्यापुढे सारे कसलेले नट लाकडी दिसू लागले. तिलाच भूमिका द्यावी असेही ठरत आले. परंतु ती आली की बाकीचे सारे नाटक खोटे ठरे! तिला मुख्य भूमिकेतून काढून गर्दीत घातले, तरी तिचा एक हुंदका सगळ्यांना उघडे पाडी. शेवटी ती रंगमंचावर आलीच नाही. तिचा आवाज ध्वनिमुद्रिकेवर घेऊन पडद्याआडून तिचे गाणे तेवढे वाजवण्यात आले.

या प्रसंगाने स्टॅनिस्लाव्हस्कीने जे ओळखले, ते आपल्याकडील वास्तववाद्यांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खरी घागर आणली म्हणून पाणी भरणारी खरी होत नाही. उलट, भोवतालच्या वस्तू जितक्या अस्सल, तितका मधला नट नकली दिसतो. तळघर, बाजार, खेडे ही सारी नटाच्या बाहेरची. तयारीचा प्रश्न होता तेथेच राहिला.

याच सुमारास एक भूमिका मात्र त्याला न मागता मिळाली होती. १९०० साली इब्सेनच्या 'लोकशत्रू' या अर्थाच्या नाटकात त्याने डॉक्टर स्टॉकमन केला. गावाच्या स्नानगृहांचे पाणी दूषित आहे, हे सत्य सांगितल्याबद्दल सारा गाव ज्याच्यावर उलटतो, तो हा भोळा, हट्टी डॉक्टर. या भूमिकेसाठी त्याला काही खटपट करावी लागली नाही. माणूस मनाला पटला, आणि त्याच्यामागून त्याची किंचित अधू नजर, पुढे झुकलेले अंग, लगबगीची चाल, बोलताना तर्जनी आणि मधले बोट जोडून समोर खुपसण्याची लकब, सारे आपोआप आले. पुष्कळ वर्षांनी बर्लिनमध्ये त्याला एक विद्वान गृहस्थ भेटले. व्हिएन्नाजवळच्या एका आरोग्यधामात त्यांची पूर्वी ओळख झाली होती. त्यांची बोटे पाहताच तो चमकला. स्टॉकमनची बोटे त्यांचीच होती! आपण ती उचलली, हे त्याला इतकी वर्षे ठाऊकही नव्हते.

१९०१ च्या मार्चमध्ये या नाटकाचा एक प्रयोग पीटर्सबर्गला झाला. त्याच दिवशी तेथील कझान चौकात निदर्शकांवर सरकारी दलांनी हल्ला केला होता. नाट्यगृह सुशिक्षितांनी भरलेले, हवा पेटलेली. शेवटच्या अंकात स्टॉकमन आपला फाटलेला कोट न्याहाळतो आणि स्वातंत्र्यासाठी व सत्यासाठी झगडायला जाताना नवा कोट घालून जाऊ नये, असे सहज बोलून जातो. त्या वाक्यासरशी नाट्यगृह कोसळेल असा गजर झाला. लोक रंगमंचाकडे धावले, हात पुढे झाले, कोणी वर चढून त्याला मिठी मारली. नाटक थांबले. ते वाक्य त्याने मुद्दाम मारलेले नव्हते. तो फक्त फाटक्या कोटाकडे पाहत होता. तो जर त्या वाक्यावर जोर देऊन प्रेक्षकांकडे वळला असता, तर टाळी मिळाली असती, मिठी मिळाली नसती, असे मला वाटते.

असा हा स्टॉकमन. आणि हाच त्याच्या हातातून निसटला.

१९०४ साली चेकॉव्ह गेला. १९०५ साली नाट्यगृहाचा मोठा आधार, उद्योगपती मोरोझोव्ह, याने परदेशी आत्महत्या केली. त्याच वर्षी देशात क्रांतीचा वणवा उठला आणि शमवला गेला. १९०६ च्या आरंभी मंडळी पहिल्यांदा परदेश दौऱ्यावर निघाली. बर्लिनला मोठा सत्कार झाला. परंतु या सत्कारांच्या मधोमध स्टॅनिस्लाव्हस्कीला एक विलक्षण रितेपणा जाणवू लागला. उन्हाळ्यात तो विश्रांतीसाठी फिनलंडला गेला. रोज सकाळी समुद्रकाठच्या एका कड्यावरील बाकावर जाऊन बसे आणि आपल्या भूमिकांचा हिशेब मांडी. स्टॉकमनची पाळी आली तेव्हा त्याला धक्का बसला. चाल होती, झुकलेले अंग होते, बोटे तशीच पुढे येत होती. प्रयोगागणिक ती अधिकच सफाईने येत होती. परंतु ज्या ओढीतून ती पहिल्यांदा आली, ती ओढ केव्हाच निघून गेली होती. अंगाला सवय राहिली होती, मन रिकामे होते. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, कारण त्यांनी पहिला स्टॉकमन पाहिला नव्हता. फसवणूक फक्त एकाला कळत होती, आणि तो त्या बाकावर बसला होता.

तेथून त्याच्या शोधाला खरी सुरुवात झाली. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता, कीर्तीच्या शिखरावर होता. या वयात नट बहुधा आठवणी सांगू लागतात. याने पुन्हा शाळेत नाव घातले, आणि ती शाळाही त्यालाच काढावी लागली. भावना इच्छेच्या हुकमात नाही, हे त्याने गृहीत धरले. रड म्हटले की रडू येत नाही. आलेच तर ते चेहऱ्याच्या स्नायूंचे असते. मग हुकमात काय आहे? लक्ष हुकमात आहे. कल्पना बऱ्याच अंशी हुकमात आहे. हातून होणारी कृती तर पूर्णपणे हुकमात आहे. या तिघींना कामाला लावले, तर भावना कदाचित मागच्या दाराने येईल. "मी या जागी असतो तर काय केले असते?" या एका 'जर'ला त्याने सर्व साधनांत पहिले स्थान दिले. मी राजा आहे असे मानणे हे वेडेपण. परंतु मी राजा असतो तर आत्ता या दारातून कसा आलो असतो, याचा विचार कोणताही शहाणा माणूस करू शकतो. भावनांच्या स्मृतीची कल्पना त्याने रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाकडून घेतली.

एक गोष्ट त्याने आपल्या देशाच्या नावावर चाललेल्या साहित्यातूनही घेतली. १९१२ साली त्याने तरुणांसाठी जो अभ्यासवर्ग, म्हणजे 'पहिला स्टुडिओ', सुलेरझित्स्की या मित्राच्या हाती सोपवला, तेथे रशियन मुले-मुली अंग सैल सोडून बसत, श्वासावर लक्ष ठेवीत आणि 'प्राण' हाताच्या बोटांतून वाहतो आहे, अशी कल्पना करीत. हे धडे 'योगी रामचरक' या लेखकाच्या पुस्तकांवरून आले होते. या भारदस्त नावामागे एक अमेरिकन लेखक होता, असे आता मानले जाते. योग मॉस्कोला पोहोचला तो असा अमेरिकेचा वळसा घालून. पण चित्त एकाग्र झाल्यावाचून सात्त्विक भाव नाही, हे भरताचे म्हणणे त्या मुलांना वळशानेच का होईना, भेटले खरे.

नाट्यगृहातले जुने नट मात्र हसत. आम्ही इतकी वर्षे काम करतो ते काय वाऱ्यावर, असा त्यांचा सवाल. या हसण्याला त्याचे उत्तर त्याच्या पुढच्या पुस्तकातील एका प्रसंगात आहे. एका विद्यार्थिनीला शिक्षक सांगतात : तुझ्याजवळ फीचे पैसे नाहीत, मैत्रिणीने मदत म्हणून एक मौल्यवान पिन या पडद्याला टोचून ठेवली आहे, ती शोध. मुलगी धावत रंगमंचावर येते, पडदा धरते, कपाळाला हात लावते, छाती पिटते, आणि आपले काम फार छान झाले या आनंदात परत येते. शिक्षक विचारतात, पिन कुठे आहे? ती तर विसरूनच गेली होती! मग ते तिला सांगतात, पिन सापडली नाही तर शाळेतून नाव कमी होईल. आता मुलगी गप्प होते. पडद्याची एकेक घडी उलगडून पाहते. धावत नाही, उर बडवीत नाही. पाहणाऱ्यांचे श्वास मात्र रोखले जातात. पहिल्या वेळी ती दुःख दाखवत होती, दुसऱ्या वेळी पिन शोधत होती. नटाची सारी तयारी या दोन शोधांमधल्या अंतरात आहे.

येथवर ही एखाद्या यशस्वी संशोधकाची कथा वाटेल. परंतु १९१७ साल अजून यायचे आहे.

फार पूर्वी, १८९१ साली, त्याने डोस्टोव्हस्कीच्या एका कादंबरीवरून नाटक करून त्यात कर्नल रोस्तानेव्ह या भल्या, भोळ्या काकाची भूमिका केली होती. त्या भूमिकेत आपण काका 'केला' नाही, काकाच झालो, असे तो म्हणे. आयुष्यातल्या अत्यंत थोड्या सुखाच्या भूमिकांत तो ती धरी. आता पंचवीस वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक पुन्हा घेतले, आणि काकाची भूमिका अर्थात त्याच्याकडे आली. आता तर हाताशी पद्धती होती. वर्षाहून अधिक काळ तालमी चालल्या. त्याने भूमिकेचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याचा हेतू शोधला, स्वतःशी झगडला. पण काका येईना. जितके खोल खणावे तितकी माती वर येई. नेमिरोव्हिच-डॅन्चेन्कोला वाटे, ही भूमिका जन्मलीच नाही. दोघांत पूर्वीचा जिव्हाळाही राहिला नव्हता. १९१७ च्या मार्चमध्ये, राज्यक्रांती होऊन झार पायउतार झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी, रंगीत तालीम झाली. रंग लावून, वेष करून तो आतल्या बाजूला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. भूमिका त्याच्याकडून काढून घेण्यात आली, आणि ती दुसऱ्या नटाला देण्यात आली.

आरंभी आपण ज्या प्रेक्षकाचा प्रश्न ऐकला, त्याला येथे एक उत्तर मिळते. त्या दिवशी नटाला खरोखरच रडू आले होते. परंतु ते अश्रू कर्नल रोस्तानेव्हचे नव्हते, आणि म्हणून रंगभूमीला त्यांचा काही उपयोग नव्हता.

स्वतः उभ्या केलेल्या नाट्यगृहातून आपली भूमिका काढून घेतली जाते, तीही ज्या गोष्टीचे आपण शिक्षक म्हणवतो तिच्यातच उणे पडल्यामुळे, हा अपमान लहान नव्हता. तो गेला नाही, भांडला नाही. त्या नाटकाविषयी त्याने चारचौघांत तक्रार केली नाही. जुन्या भूमिका तो करीत राहिला. नव्याने बसवलेल्या नाटकात नवी भूमिका मात्र त्याने पुन्हा उभी केली नाही. १९२८ साली ऑक्टोबरमध्ये नाट्यगृहाला तीस वर्षे झाली. समारंभात 'थ्री सिस्टर्स'चा पहिला अंक होता आणि तो व्हर्शिनिन झाला होता. प्रवेश चालू असतानाच छातीत कळ आली. त्याने अंक पुरा केला आणि आत गेल्यावर कोसळला. त्यानंतर तो नट म्हणून रंगमंचावर आला नाही.

उरली दहा वर्षे तो बहुतांशी घरात, आजारपणात होता, आणि मला वाटते, १९१७ चे उत्तर तो याच काळात शोधत होता. काकाला आपण आत खणून काढू पाहत होतो, हीच चूक झाली असेल का? शेवटच्या वर्षांत त्याने थोड्या नटांना घरी बोलावून मोलिएरचे 'तार्त्यूफ' तालमीला घेतले. ते लोकांपुढे आणायचे नव्हते, केवळ शिकण्यासाठी होते. आता तो नटाला काय वाटते हे विचारीनासा झाला. तू काय करतोस, एवढेच विचारी. दार लाव. पत्र लपव. त्याला खोलीबाहेर जाऊ देऊ नकोस. कृती साधी, खरी आणि हेतूची असली की मन तिच्यामागून येते. शरीर आणि मन यांच्यामध्ये त्याने पूर्वी जी भिंत धरली होती, ती त्याने स्वतःच पाडली. पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने आपल्याच ग्रंथाच्या बऱ्याच पानांवर काट मारण्याची तयारी दाखवावी, ही गोष्ट कलेच्या इतिहासात फारशी घडत नाही.

दुर्दैव असे की, जगाला त्याची ओळख झाली ती काट मारण्याआधीच्या पानांवरून. न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली स्थापन झालेल्या ग्रुप थिएटरमध्ये ली स्ट्रासबर्ग नटांना आपल्या खासगी आयुष्यातली दुःखे उकरून काढायला लावी. त्या मंडळीतली नटी स्टेला ॲडलर हिचे त्यामुळे कामातले सुख हरपले. १९३४ साली ती पॅरिसला स्टॅनिस्लाव्हस्कीला भेटली आणि तिने त्याच्याजवळ त्याच्याच पद्धतीची तक्रार केली. पद्धती उपयोगी पडत नसेल तर सोडून दे, असे त्याने सांगितले; आणि मग काही आठवडे रोज तिला शिकवले. स्वतःच्या जखमांपेक्षा नाटकातली परिस्थिती आणि कृती यांकडे पाहा, हा त्या शिकवणीचा रोख होता. १९३६ साली त्याच्या ग्रंथाचा अंतरंगाच्या तयारीविषयीचा अर्धा भाग इंग्रजीत आला. चाल, वाणी, शरीर यांविषयीचा दुसरा अर्धा भाग यायला १९४९ साल उजाडले. मधल्या तेरा वर्षांत इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाने अर्धे पुस्तक म्हणजे पूर्ण माणूस, अशी समजूत करून घेतली. रशियन आवृत्ती १९३८ साली निघाली, ऑगस्टमध्ये त्याचा मृत्यू झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी.

मराठीत त्या पहिल्या अर्ध्याला के. नारायण काळे यांनी 'अभिनय साधना' या नावाने आणले. हे काळे नाट्यमन्वंतरातले. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'आंधळ्यांची शाळा'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा स्वगते, दीर्घ गाणी, टाळ्यांची भाषणे टाळून माणसांसारखे बोलणारी पात्रे मराठी रंगमंचावर आणायचा निश्चय त्या मंडळींनी केला होता, आणि केशवराव दात्यांसारखा जुन्या कंपनीत मुरलेला नट त्यांच्यात होता. म्हणजे शोधाची तहान आपल्याकडे पुस्तकाच्या आधीच होती.

किंबहुना ती त्याहूनही जुनी आहे. भूमिकेची तयारी याला आपला शब्द 'तालीम'. तो अरबीतून आला, त्याचा अर्थ शिक्षण, आणि आपण तो नाटकाला आणि आखाड्याला सारखाच लावतो. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीम देणारा गुरू गणपतराव जोशांसारख्या नटाला लाभला, तेव्हा शब्द कोठे तोडायचा, नजर कोठे ठेवायची, पाऊल केव्हा उचलायचे, हे घोटून घेतले जाई. भावनेविषयी फारशी चर्चा होत नसे. हे सारे बाह्यांग, असे म्हणून आपण मध्यंतरी त्याला नावे ठेवली. शेवटच्या वर्षांतल्या स्टॅनिस्लाव्हस्कीने ती ठेवली नसती, असे वाटते. तो ज्या दाराशी शेवटी पोहोचला, ते दार आपल्या तालीम मास्तरांनी उघडे ठेवले होते. त्यातून आत काय येते, याचा हिशेब मात्र त्यांनी मांडला नव्हता.

१२ मार्च १९११ ची हकिगत मराठी रसिकांना पाठ आहे. 'मानापमाना'चा पहिला प्रयोग आणि त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचा मृत्यू. प्रयोग थांबला नाही. बालगंधर्वांनी भामिनीचा वेष केला आणि त्या रात्री मानी, खट्याळ, लाडावलेली भामिनी लोकांनी पाहिली. नटाने आपल्या दुःखातून भूमिका उभी करावी, असे म्हणणाऱ्यांपाशी या रात्रीचे स्पष्टीकरण नाही. नट आतून कोरडा असतो, या दिदरोच्या म्हणण्यातही ती बसत नाही. बापाचे काळीज कोरडे होते, असे कोण म्हणेल? मला वाटते, त्या रात्री त्यांना भामिनीची कामे करायची होती. पुढचे पाऊल, पुढचा शब्द, पुढचा स्वर. तालमीने घोटलेल्या त्या कृतींनी त्यांना हाताला धरून प्रयोगाच्या शेवटापर्यंत नेले.

नटाची तयारी म्हणजे भावनेची साठवण नव्हे. भावना साठवता येत नाही, हे स्टॉकमनने दाखवले. खणून काढता येत नाही, हे काकाने दाखवले. घर झाडावे, दिवा लावावा, दार लोटून ठेवावे, आणि आपल्या कामाला लागावे. पाहुणा यायचा असेल तर येतो. जो नट रोज रात्री हे घर नव्याने झाडतो, त्याच्या शंभराव्या प्रयोगालाही कोणीतरी प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो आणि शेजाऱ्याला तोच भाबडा प्रश्न विचारतो.